लाइट आहे का?

मोबाइलवर मॅच बघायला बसलं की हल्ली दर ओव्हरनंतर एक हसरा चेहरा येतो. म्हणतो, तुम्हाला क्रिकेट कळतं ना, मग घरबसल्या कमवा. आणि शेवटी कोणीतरी एका दमात पुटपुटतं की यात आर्थिक जोखीम आहे, जबाबदारीने खेळा. हे पुटपुटणं ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. तो आवाज मला ओळखीचा आहे. तसा गोड, घाई नसलेला, तुमच्या भल्याचं बोलतोय असं वाटणारा आवाज काढायची नोकरी मी जळगावात सात वर्षं केली.

या अंकाच्या संपादकांना मी वर्षानुवर्षं टेलिफोनवर काम करणारा माणूस म्हणून माहीत आहे. त्यांनी 'एक्स्चेंजच्या गमतीजमती लिहा' म्हणून सांगितलं. त्यांचा समज मीच करून दिला होता. माझ्या लग्नात, मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर, सोसायटीच्या यादीत, सगळीकडे मी 'टेलिफोन ऑपरेटर' असंच लिहीत आलो. खोटं नाही ते. फक्त कुणाचा टेलिफोन ते लिहिलं नाही. मी क्रिकेटच्या सट्ट्याचे भाव फोनवर सांगायचो. नव्वद सालानंतरची ती सात वर्षं. त्यानंतर मी पाइपच्या कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर बसलो आणि तिथूनच निवृत्ती घेतली. त्या दुसऱ्या नोकरीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. ती सरळ होती.

पहिली नोकरी कशी असायची ते आधी सांगतो, कारण आजच्या पोरांना वाटतं हे सगळं मोबाइलबरोबर जन्माला आलं.

जळगावात एका डाळ मिलच्या मागे, गोदामावरची खोली. चार फोन, चार टेपरेकॉर्डर, एक भिंतीवरचं घड्याळ, माठ. टीव्ही नव्हता. बाहेरच्या माणसाला याचं फार आश्चर्य वाटायचं. टीव्हीची गरजच नव्हती. पाचवा फोन मुंबईला लागलेला असायचा, मॅच सुरू होताना जोडायचा आणि संपेपर्यंत ठेवायचा नाही. तिकडचा माणूस मोठ्या छत्रीच्या अँटेनावर मॅच बघायचा आणि प्रत्येक चेंडूला भाव बोलायचा. तो माझ्या डाव्या कानात. उजव्या कानात गिऱ्हाईक.

भाव म्हणजे दोन आकडे. जो संघ जिंकेल असं वाटतं त्याचाच भाव निघतो. 'वीस-बावीस' म्हटलं तर अर्थ असा की त्या संघावर तुम्ही रुपया लावलात आणि तो जिंकला, तर वीस पैसे तुमचे. हरला तर रुपया गेला. उलट त्याच्या विरुद्ध जायचं असेल तर तुमची जोखीम बावीस पैशांची. मधले दोन पैसे आमच्या शेठचे, मग कोणी का जिंकेना. भाव चढला की समजायचं, तो संघ अडचणीत आहे. एवढंच शास्त्र आहे. याच्यापुढे जे कोणी सांगतं ते तुमच्या खिशासाठी सांगतं.

गिऱ्हाइकाला नाव नसायचं, एक शब्द असायचा. 'मोहर', 'सुपारी', 'काटा'. तो शब्द सांगायचा, सौदा सांगायचा, मी तो परत म्हणून दाखवायचो आणि शेवटी म्हणायचो, "लिहिलं." लिहिलं म्हटलं की संपलं. सगळं टेप व्हायचं. कुणाला शंका आली तर शेठच्या समोर टेप वाजवायची आणि टेप म्हणेल ते खरं. या धंद्यात कागद नव्हता, सही नव्हती, पण त्या टेपवर माणसांचा विश्वास होता. शेठने मला घेतलं ते आवाज स्पष्ट होता आणि आकडा चुकत नव्हता म्हणून. आणखी एक नियम त्याने पहिल्याच दिवशी घालून दिला. स्कोअर कुणालाही सांगायचा नाही.

"आपण भाव विकतो मास्तर," तो म्हणाला, "बातमी विकत नाही. बातमी फुकट असते, ती ज्याची त्याने बघावी."

मला तिथे मास्तर म्हणायचे. शाळेची पायरी अकरावीला सोडलेल्या माणसाला. मला ते आवडायचं, हेही लिहून टाकतो.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. नरडाण्याचे एक नाना होते, कापसाच्या जिनिंग मिलच्या वजनकाट्यावर काम करणारे. आमच्याकडे पाचशेच्या खाली सौदा नाही. मग नाना पाच जणांचे शंभर-शंभर गोळा करायचे आणि फोन त्या पाचही जणांच्या हातातून फिरवायचे. प्रत्येकाला माझ्या तोंडून 'लिहिलं' ऐकायचं असायचं. एकदा पाचवा माणूस म्हणाला, "भाऊ, मना इचार बदलना, माले उलटं लावनं शे." मागून बाकीच्या चौघांनी त्याला दिलेल्या, टेपवर उतरलेल्या शिव्या अजून माझ्या कानात आहेत. यावलचा एक केळीवाला होता, तो फक्त भावाच्या विरुद्ध लावायचा. म्हणजे सख्ख्या भावाच्या. फोन केला की पहिला प्रश्न, "आमच्या दादाने काय घेतलं?" मी सांगायचो नाही. तो म्हणायचा, "मग तुम्ही श्वास कसा घेतला त्याच्यावरून मला कळलं." आम्ही हसायचो. त्या खोलीत खूप हसायचो आम्ही. हे सगळं पुढे ज्यांना भोगावं लागलं त्यांच्या घरात कोण हसत होतं याचा विचार करायला आमच्याकडे तिसरा कान नव्हता.

तर आता 'लाइट आहे का' याच्याविषयी.

खानदेशात फोनवर बोलणं सुरू कसं होतं? जेवण झालं का, पाऊस आहे का, लाइट आहे का. माझं गाव नरडाण्याच्या अलीकडचं. तिथे लाइट येणं ही बातमी आणि जाणं ही रीत. त्यामुळे हा प्रश्न मी कुणालाही विचारायचो, मनात काही नसताना. एका संध्याकाळी यावलच्या केळीवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "कसली लाइट हो, अर्धा तास झाला जाऊन. भाव काय?" त्याच क्षणी डाव्या कानात मुंबईवाला ओरडला की विकेट गेली. माझ्या तोंडून आधीचाच भाव निघाला. घाईत, चुकून. त्याने घेतला. मी "लिहिलं" म्हणालो. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की त्या माणसाला विकेट गेल्याचं माहीतच नाही. त्याच्या घरात अंधार आहे.

शेठने दुसऱ्या दिवशी टेप ऐकली. मला वाटलं ओरडेल. तो इतका हसला की माठापाशी जाऊन पाणी प्याला.

"मास्तर," तो म्हणाला, "हे विचारत जा. सगळ्यांना विचारत जा. प्रेमाने."

टेलिफोनला लाइट लागत नाही. ही साधी गोष्ट. गावाची लाइट गेली तरी फोन चालू. टीव्ही बंद, फोन चालू. बाहेरदेशातल्या मॅचची कॉमेंट्री रेडिओवर असेलच असं नाही. म्हणजे त्या माणसाच्या डोळ्यांवर पट्टी आणि हातात रिसीव्हर. आणि पट्टी बांधली आहे हे तो आपणहून सांगतोय, कारण पलीकडच्या माणसाने आपुलकीने विचारलंय. दुनियेत कुठल्याच जुगाऱ्याने ही चूक केली नसेल. ती आमच्या माणसांनी केली, कारण आमच्याकडे लाइट आहे का विचारणारा माणूस म्हणजे आपला माणूस.

मी त्याची पद्धत बसवली. कुणालाही न सांगता मी एका पुठ्ठ्यावर गावं लिहिली आणि लाइट गेली की त्या गावापुढे खडूने रेघ मारायला लागलो. यावलमधल्या एकाने 'गेली' म्हटलं की यावलच्या सगळ्यांचा भाव वेगळा. चेंडू पडल्यावर नवा भाव उजेडातल्यांना लगेच, अंधारातल्यांना जेव्हा आम्हाला सोयीचं तेव्हा. शेठने माझा पगार वाढवला आणि मनगटी घड्याळ दिलं. मला अभिमान वाटला. खरंच वाटला. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी नुसता हुकमाचा ताबेदार होतो. तो पुठ्ठा माझा होता. शेठला पुठ्ठा सुचला नव्हता.

एकाच माणसाने मला पकडलं. धुळ्याचे उस्मानभाई, लुंग्यांचे माग होते त्यांचे. तिसऱ्यांदा लाइटचं विचारल्यावर म्हणाले, "बेटा, मेरे घर की लाइट से तेरे को क्या करना है? तू बिजलीवाला है या भाववाला?"

मी म्हटलं, "ऐसेही पूछा, चाचा."

"ऐसेही कोई नहीं पूछता," ते म्हणाले. "अम्मा पूछती थी ऐसेही. तू मेरी अम्मा नहीं है." आणि फोन ठेवला. पुन्हा कधी त्यांचा फोन आला नाही. सात वर्षांत शहाणा माणूस मला एवढा एकच भेटला, आणि त्याच्यावर मी त्या संध्याकाळी विनोद केले.

आता दाजींबद्दल लिहितो. इतका वेळ बाकीचं लिहीत होतो ते हे लांबवण्यासाठीच.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, धुळ्यात दिलेली. दाजी घड्याळं दुरुस्त करायचे. बसस्टँडच्या रस्त्याला काचेची पेटी आणि एक स्टूल, एवढंच दुकान. डोळ्याला ते भिंग लावून बसायचे आणि मला बघितलं की भिंग न काढताच म्हणायचे, "या सालेसाहेब, आज फार मोठे दिसताय." क्रिकेटचं वेड होतं. तेवढंच एक.

शेठने 'काटा' नावाचं नवं गिऱ्हाईक घेतलं तेव्हा पहिल्याच फोनला मी आवाज ओळखला. त्यांनीही ओळखला. टेप फिरत होती. मग ते म्हणाले, "काटा बोलतोय." मी म्हणालो, "बोला." झालं. दुसऱ्याच दिवशी एसटीने धुळ्याला जाऊन त्यांना सांगता आलं असतं की दाजी, या भानगडीत पडू नका. मी सांगितलं नाही. पुढे त्यांच्या घरी गेलो तरी आम्ही दोघं त्याविषयी अवाक्षर बोलायचो नाही. मला वाटतं त्यांना बरं वाटायचं, की पलीकडे घरचा माणूस आहे. आठ-दहा वेळा त्यांनी लहानसहान सौदे केले. कधी आले, कधी गेले.

त्या वर्षी बसस्टँडजवळ नवे गाळे निघाले. दाजींनी एकाची तयारी केली होती. अक्काचे दागिने, त्यांची शिल्लक, गावाकडचा एक बैलजोडीचा व्यवहार, सगळं मिळून चाळीस हजार जमले होते. आठ हजार कमी पडत होते आणि भरायची तारीख सोमवारची. शनिवारी मॅच. आपला संघ धावांचा पाठलाग करत होता, दोन बॅट्समन जमलेले, धावा थोड्या. भाव वीस. चाळीसाला वीस पैशांनी किती होतात ते तुम्हीच बघा. आठ हजार. माणसाला अशा वेळी वाटतं की देवानेच हिशेब घालून दिला.

संध्याकाळी सातच्या सुमाराला फोन आला. "काटा बोलतोय."

आणि मी विचारलं, "लाइट आहे का?"

हात सवयीने पुठ्ठ्याकडे गेला होता. धुळ्यापुढे रेघ नव्हती.

"गेली रे आत्ताच," ते म्हणाले. "आमच्या गल्लीची गेली. बूथवर आलोय. भाव काय?"

डाव्या कानात मुंबईवाला सांगत होता. जमलेल्यांतला एक आउट झाला होता. पुढच्याच चेंडूवर नवा आलेलाही. भाव पंचावन्नवर गेला होता आणि अजून हलत होता.

मी म्हणालो, "वीस."

ते आवाज खाली घेऊन म्हणाले, "विकेट तर नाही ना पडली?"

मी 'नाही' असं म्हणालो नाही. हे मी तीस वर्षं स्वतःला सांगत आलो. मी खोटं बोललो नाही. स्कोअर सांगायचा नाही हा नियम होता आणि मी नियम पाळला. मी फक्त म्हणालो, "भाव वीसच आहे."

"मग ठीक आहे," ते म्हणाले. "तू सांगतोयस ना. चाळीस लिही."

मी चाळीस परत म्हणून दाखवलं आणि म्हणालो, "लिहिलं."

वाचणाऱ्याला वाटेल शेठ डोक्यावर उभा असेल. शेठ खोलीत नव्हता. शेठ भुसावळला लग्नाला गेला होता. बाकीचे तिघं आपापल्या फोनवर होते. मला कोणी बघत नव्हतं, ऐकत नव्हतं. एक खोकला काढला असता तरी त्या माणसाने ओळखलं असतं. यावलचा केळीवाला श्वासावरून ओळखायचा. मी श्वास अगदी सारखा ठेवला. त्यातही मी चांगला होतो.

का केलं? पहिली काही वर्षं मी म्हणायचो, दाजींना अद्दल घडावी म्हणून. ही शुद्ध बनवाबनवी आहे. अद्दल घडवायची तर घरी जाऊन भांडता आलं असतं. खरं कारण फार लहान आहे आणि त्याचाच मला जास्त राग येतो. माझी पद्धत चालली होती. ती एका माणसासाठी मोडली तर ती पद्धत उरणार नाही, असं मला त्या क्षणी वाटलं. एवढंच.

आपण मॅच हरलो.

सोमवारी दाजी स्वतः एसटीने जळगावला आले. धुळ्याहून पैसे न्यायला आमचा माणूस जायचा, पण ते स्वतः आले. शेठच्या हातात पुडकं दिलं. शेठ म्हणाला, "काही शंका असेल तर टेप ऐका. सगळ्यांना हक्क आहे." ती टेप वाजली असती तर दाजींनी विकेटचं विचारल्याचं सगळ्यांसमोर आलं असतं. मी टाळल्याचं आलं असतं. घरच्या माणसाला फसवणारा फोनवर नको, म्हणून शेठने मला काढलंही असतं कदाचित. या धंद्यातही अशी एक लाज असते. दाजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "नको. मी बोललो ते बोललो."

खाली उतरल्यावर त्यांनी मला हाक मारली. "सालेसाहेब, चहा पाजता का?"

टपरीवर उभे राहिलो. त्यांनी माझं मनगट हातात घेतलं, शेठने दिलेलं घड्याळ कानाला लावलं, म्हणाले, "मागे पडतंय तुझं. चार मिनिटं." किल्ली ओढून काटे पुढे केले आणि हात सोडला. मग चहा पिताना, रस्त्याकडे बघत, आमच्या बोलीत म्हणाले, "लाइट ते इचारी व्हती तू."

तेवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. पुढे म्हणाले, "अक्काला तुझं नाव कळणार नाही. नवरा आणि भाऊ यांच्यात तिची ओढाताण नको." आणि एसटी गाठायला गेले.

गाळा गेला. रस्त्यावरची पेटी पुढे अतिक्रमणात गेली. दाजी एका जिनिंगवर रखवालदार झाले. अक्का शिवण करायला लागली. दाजींनी तिला सांगितलं ते असं, की लाइट गेली होती, मॅच दिसत नव्हती, तरी मी मूर्खासारखे पैसे लावले.

आणि ते वाक्य आमच्या घरात राहायला आलं. खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, मोठी. लेकी माहेरी येतात, पितरांची घागर भरतात, आमरस-मांडे होतात आणि पुरुष पत्ते कुटायला बसतात. आखाजीला पैसे लावून खेळलेलं चालतं, अशी आमच्याकडे समजूत. तर दर आखाजीला, पंगत बसली की, कोणीतरी म्हणायचं, "दाजींना पत्ते देऊ नका रे, ते डोळे मिटून लावतात." सगळे हसायचे. अक्का वाढता वाढता म्हणायची, "अंधारामा पैसा लावस का कोनी? यास्नी लावा." पुन्हा हशा. दाजी खाली बघून जेवत राहायचे. हसायचेही. एकदाही ताटावरून उठले नाहीत. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. मी समोरच्या पाटावर असायचो. मीही हसायचो. न हसणं विचित्र दिसलं असतं.

चार वर्षांपूर्वी ते गेले. हे असंच माझ्याबरोबर गेलं असतं. पण दाजींचा मुलगा, माझा भाचा प्रशांत, धुळ्यात कॉलेजात शिकवतो. यंदा आखाजीच्या आदल्या दिवशी त्याच्याकडे उतरलो होतो. तो मॅच बघत होता आणि अंगठ्याने काहीतरी करत होता. मी विचारलं काय करतोस. म्हणाला, "थोडं लावतो मामा. हिशेबात. घराचं बुकिंग जवळ आलंय, तेवढंच हाताशी."

मी म्हटलं, तुझ्या बापाने काय केलं माहीत आहे ना?

तो हसला. "बाबा अंधारात लावायचे मामा. माझ्यासमोर सगळं लाइव्ह आहे. आणि यात माणूसच नाही, सगळं कॉम्प्युटर. फसवणार कोण?"

मला त्या क्षणी कळलं की मी नुसता दाजींचा गाळा खाल्ला नव्हता. त्यांच्या मुलाला मी एक चुकीचा धडा शिकवून ठेवला होता. उजेड असला की लावायला हरकत नाही, हा धडा. दाजींचा घोटाळा अंधाराने केला नव्हता. पलीकडच्या माणसाला आधी कळत होतं, त्याने केला होता.

अरे, तुझ्या मोबाइलवर चेंडू पडतो तेव्हा मैदानावर बॉलर पुढच्या चेंडूसाठी वळलेला असतो. तुझं 'लाइव्ह' म्हणजे माझ्या पुठ्ठ्यावरची रेघ आहे. तू रेघेच्या आतला. मला निदान विचारावं लागायचं, लाइट आहे का म्हणून. यांना विचारावंही लागत नाही. तू किती वाजेपर्यंत जागा असतोस, किती हरल्यावर जास्त लावतोस, पगार कधी होतो, सगळं त्यांच्याकडे आहे. तू जिंकायला लागलास की तुझी मर्यादा कमी करतात, पैसे काढताना कागद मागतात, हरायला लागलास की 'तुमच्यासाठी खास बोनस'. तो बोनस म्हणजे आमचं 'जेवण झालं का'. आणि टेप? आमच्याकडे टेप तरी होती. तू कुणाकडे जाऊन म्हणशील, वाजवा? माणूस नाही म्हणतोस. हा सगळा डाव माणसांनीच मांडलाय, फक्त ते जिन्याखाली चहाला भेटत नाहीत.

हे सगळं मी त्याला तिथेच बोलायला हवं होतं. मी बोललो नाही. कारण ते सांगायचं तर 'तुला कसं माहीत मामा' याचं उत्तर द्यावं लागलं असतं, आणि ते उत्तर आधी जिला द्यायला हवं होतं ती अक्का स्वयंपाकघरात पुरण वाटत होती.

मी तिच्याजवळ जाऊन बसलो. बसता बसताच म्हणालो, कारण थांबलो असतो तर पुन्हा तीस वर्षं थांबलो असतो. "अक्का, त्या दिवशी फोनवर मी होतो."

तिला पहिल्यांदा कळलंच नाही. मी सगळं सांगितलं. पुठ्ठा, रेघ, वीस, पंचावन्न, 'विकेट तर नाही ना पडली'. तिचा हात चालूच होता. शेवटी तिने एकच विचारलं, "त्यास्ले मालूम व्हतं? तू व्हता म्हनीसन?"

मी म्हटलं, "हो. पहिल्या फोनपासून."

तिने पुरण काढून ठेवलं, हात धुतले आणि परसात जाऊन बसली. सकाळी घागर भरली, दाजींच्या नावाने, तेव्हा माझ्याकडे बघितलं नाही.

दुपारी पंगत बसली. भाचे, जावई, चुलतभाऊ, वीसेक माणसं. प्रशांत माझ्या शेजारी. रस वाढून झाला होता. आणि चुलतभाऊ पत्ते पिसत म्हणाला, दरवर्षीप्रमाणे, "आज दाजी असते तर डोळे मिटून लावले असते."

हसू सुरू झालं होतं. अक्काच्या हातात मांड्यांचं ताट होतं. ती मधोमध थांबली.

"त्यास्नी अंधारामा नही लावा," ती म्हणाली. "त्यास्नी इचारं. विकेट पडनी का म्हनीसन इचारं. सांगनारानी सांगं नही." आणि माझ्याकडे बोट केलं. "तो हाऊ बठेल शे. मना भाऊ. प्रशांत, तुना मामाले इचार, तो बठ्ठं सांगी."

पत्ते पिसायचा आवाज थांबला. प्रशांतने मोबाइल मांडीवर उलटा ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. अगदी दाजींसारखं, एक डोळा जरासा बारीक करून, आत काय बिघडलंय ते बघताना बघतात तसं. मला ते सहन होईना. मी ताटावर पाणी सोडून उठायला लागलो.

अक्का माझ्या ताटापाशी आली. एक मांडा वाढला. माझ्या खांद्यावर हात ठेवून, जोराने, खाली दाबला.

"बस," ती म्हणाली. "ताट सोडू नको. त्यास्नी कधी सोडं का?"

मी बसलो. खाली बघून जेवलो. सगळे उठेपर्यंत.